न पाहता गाडी घेताना : सतरा अक्षरांचा पाठ

मावसभावाला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची होती. गाडी दिल्लीत, हा नाशकात. फोटो एकदम चकाचक! विकणारा म्हणे, "आजच टोकन पाठवा."

मी म्हटलं, आधी चॅसिस नंबर माग. पालकहो, मुलांनाही हे जरूर दाखवा : आजकालच्या गाड्यांचा हा नंबर 17 अंक-अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. आलेल्या नंबरात चक्क 'ओ'! टायपिंगची चूक असेलही. म्हणून गाडीवर कोरलेल्या नंबराचाच फोटो मागितला, आरसीशी ताडून बघायला. शिवाय तिकडच्या आरटीओची एनओसी हवी, इथला रोड टॅक्स वेगळा, हेही त्याला सांगितलं.

फोटो अजून आलेला नाही. टोकनही गेलेलं नाही.