गोठणारी थंडी आणि पहाडी सायकल

पहाडी सायकलीच्या इतिहासात वंगणाला आरंभापासूनच मानाचे स्थान आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुणांनी एका डोंगरउतारावर जुन्या, जड सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. उतरताना मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या शर्यतीला 'रिपॅक' हे नाव मिळाले. तेथे उष्णता वंगणाची वैरी होती. हिमालयातील हिवाळ्यात हीच भूमिका थंडी बजावते.

आपल्या देशात या प्रश्नाचा विचार लडाखच्या संदर्भात करणे सोयीचे ठरेल. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरणे ही नित्याची गोष्ट आहे. लेहपासून सुमारे ४० किलोमीटर चढत गेले की खारदुंग ला ही खिंड लागते. अशा निर्जन चढावर पेडल रिकामे फिरू लागले किंवा उतारावर ब्रेक लागेनासा झाला, तर तो प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

वंगणाचा दाटपणा

तापमान उतरले की तेल दाट होते. या गुणधर्माला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेलच. म्हणून तेही थंडीत घट्ट होते. बेअरिंगमध्ये याचा परिणाम एवढाच की चाक थोडे जड फिरते. मागच्या हबमधील फ्रीव्हीलची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे लहान खटके असतात. नाजूक स्प्रिंगा त्यांना उचलून दात्यांत अडकवतात आणि त्यामुळेच पेडलची शक्ती चाकाला मिळते. भोवतीचे ग्रीस घट्ट झाले की या स्प्रिंगांचे बळ अपुरे पडते, खटके दबलेलेच राहतात आणि पेडल मारूनही चाक फिरत नाही. म्हणून हिवाळ्यापूर्वी हा भाग उघडून जुने ग्रीस पुसून काढावे आणि थंडीसाठी बनवलेले पातळ ग्रीस किंवा हलके तेल अगदी थोडे लावावे. साखळीलाही पातळ तेल द्यावे व वरचे पुसून टाकावे.

खरा शत्रू पाणी

कोरडी थंडी सायकलीचे फारसे बिघडवत नाही. बिघाड होतो तो पाणी गोठल्यामुळे. लडाखमध्ये दुपारच्या प्रखर उन्हात रस्त्याकडेचे बर्फ वितळते, त्याचे शिंतोडे सायकलीवर उडतात आणि ऊन ढळताच ते गोठतात. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. गिअरच्या केबलच्या आवरणात शिरलेला एखादा थेंबही तार जखडून ठेवण्यास पुरेसा होतो. यासाठी हिवाळ्याच्या तोंडी केबल व आवरण नवे बसवावे आणि आवरणाची टोके टोपणांनी बंद करावीत. वाटेत दर काही मिनिटांनी गिअर बदलत राहावे, म्हणजे बर्फाला जम बसवायला वेळ मिळत नाही. गोठलेल्या भागावर गरम पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने बर्फ क्षणभर सुटतो, पण तेच पाणी आत शिरून पुन्हा गोठते. त्यापेक्षा तळहाताची ऊब द्यावी.

सायकल कोठे ठेवावी, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. उबदार खोलीतून काढलेली सायकल थेट बर्फात नेली, तर तिच्यावर पडलेले बर्फ आधी वितळते व मग गोठते. बाहेरून आत आणलेल्या थंड धातूवर हवेतील बाष्प दवासारखे जमते. म्हणून सायकल थंड पण कोरड्या पडवीत ठेवावी. आत आणलीच, तर ती पूर्ण वाळू द्यावी आणि बर्फात नेण्यापूर्वी बाहेर थंड होऊ द्यावी.

ब्रेक आणि टायर

कडेवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये रिमवर बर्फाचा पातळ थर जमतो व पहिली काही वळसे ब्रेक लागतच नाही. त्यामुळे उतार सुरू होण्यापूर्वीच ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करावी. तबकडीच्या ब्रेकमध्ये हा दोष कमी असतो. द्रवचालित ब्रेकमध्ये खनिज तेल असेल, तर कडाक्याच्या थंडीत ते दाट होऊन लिव्हर संथपणे परततो. मोटारीत वापरतात तसा ब्रेकचा द्रव थंडीत अधिक प्रवाही राहतो, पण तो हवेतील ओलावा शोषतो. मात्र एका द्रवाच्या जागी दुसरा कधीही भरू नये. त्यातील रबरी सील त्याने खराब होतात.

टायरमधील हवेचा दाब केवल तापमानाच्या प्रमाणात बदलतो. लेहमधील २० अंशांच्या खोलीत दर चौरस इंचास ३० पौंड दाबाने भरलेला टायर उणे १५ अंशांत नेला, की दाबमापक सुमारे २५ पौंड दाखवतो. टायर फुटलेला नसतो. हवा आकुंचन पावलेली असते. म्हणून दाब नेहमी बाहेरच्या थंडीतच तपासावा. हवेवर चालणाऱ्या पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरलाही हाच नियम लागू आहे. जोडीची ट्यूब अंगावरच्या कपड्यांत ठेवावी आणि ठिगळ लावण्यापूर्वी ती जागा उबवावी. गार रबरावर सोल्युशन नीट धरत नाही. दिव्याची बॅटरी आतल्या खिशात असावी. लिथियम बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नये, त्याने तिची कायमची हानी होते.

या सर्व सूचनांचे सार तीन गोष्टींत सांगता येईल: वंगण पातळ व थोडे असावे, पाणी आत शिरू देऊ नये, आणि प्रत्येक भागाची परीक्षा ज्या थंडीत तो वापरायचा त्याच थंडीत घ्यावी. प्रवासाच्या आदल्या रात्री सायकल बाहेर ठेवून पहाटे गिअर, ब्रेक आणि फ्रीव्हील तपासले, तर जो दोष खिंडीत उघडा पडला असता, तो घराच्या दारातच ध्यानात येतो.