दात काढल्यानंतरचे हाड

दात काढला की दुखणे संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जबड्याच्या हाडात त्याच दिवसापासून एका नव्या बदलास प्रारंभ होतो.

दाताचे मूळ आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. हे तंतू ज्या हाडात रुजलेले असतात, त्याचे अस्तित्व दातावरच अवलंबून असते. दात गेला की शरीर ते शोषून घेऊ लागते. पुढच्या दातांपाशी ओठाकडील भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्यामुळे तेथे झीज विशेष होते. वर्षभरात हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतच होते. उंची त्यामानाने कमी घटते.

कवळी वापरणाऱ्याला ही झीज कवळी सैल झाली म्हणजे जाणवते. कृत्रिम मूळ बसवून घेणाऱ्यापुढे मात्र ती मोठी अडचण उभी करते. स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. अशा मुळाला चोहोबाजूंनी पुरेसे हाड लाभले तरच ते टिकते.

म्हणून दात काढतानाच हाड राखण्याचा प्रयत्न केला जातो. दात भिंतींना धक्का न लावता हळुवारपणे सोडवितात आणि खोबण स्वच्छ करून तीत हाडाचे कण भरतात. हे कण मानवी दात्याच्या किंवा गुरांच्या हाडापासून केलेले असतात, अथवा कॅल्शियम फॉस्फेटसारखे कृत्रिम असतात. त्यांचा उगम रुग्णाने अवश्य विचारावा. वर बहुधा कोलॅजेनचा पडदा घालतात. हिरडीची पेशीवाढ हाडापेक्षा जलद होते. पडद्यामुळे ती खोबणीत शिरत नाही आणि हाडाला अवधी मिळतो. सामान्यतः ४ ते ६ महिन्यांनी कृत्रिम मूळ बसविता येते.

या उपायाने झीज पूर्णपणे थांबत नाही, ती कमी होते. धूम्रपानाने जखम भरण्यास विलंब लागतो. शिवाय प्रत्येक रुग्णाला हा उपाय आवश्यक असतोच असे नाही. भिंती शाबूत असल्यास कधी कधी कृत्रिम मूळ लगेचही बसविता येते. मात्र झिजलेले हाड पुढे पुन्हा उभारावयाचे तर शस्त्रक्रिया अधिक मोठी व खर्चिक होते. तेव्हा रिकाम्या जागी पुढे काय करावयाचे, याचा विचार दात काढण्यापूर्वीच दंतवैद्याशी बोलून करणे हिताचे होय.