तालाच्या पायावरील संवाद : ‘ज्योति’चा अभ्यास

संगीतातील संकराची आपल्याकडील चर्चा बहुधा स्वरांपुरती मर्यादित राहते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा मराठी पदांसाठी कर्नाटकी चालींचाही आधार घेतला. चाल उचलता येते, हे तेव्हापासून आपणांस ठाऊक आहे. परंतु दोन भिन्न संगीतपद्धती तालाच्या पायावर एकत्र येऊ शकतात काय? या प्रश्नाचे एक उत्तर बंगळूरच्या कलावंतांनी दिले आहे.

मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी १९६४ साली बंगळूर येथे कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन ही संस्था स्थापन केली. रॉक, जॅझ व देशोदेशींचे लोकसंगीत यांची गुंफण करणाऱ्या म्युनिकच्या एम्ब्रियो या वृंदाने तिच्यासह ‘लाइफ’ (१९८०) ही ध्वनिमुद्रिका केली. याच वृंदाशी संबंधित असलेले अमेरिकन जॅझवादक चार्ली मॅरियानो (१९२३-२००९) यांनी नागस्वरमचेही शिक्षण घेतले होते. फेब्रुवारी १९८३ मध्ये जर्मनीतील लुडविग्सबर्ग येथे त्यांनी मणींच्या वृंदासह ‘ज्योति’चे ध्वनिमुद्रण केले.

या ध्वनिमुद्रिकेतील वाद्ये पाहावीत. आर. ए. रमामणी यांचा कंठस्वर व तंबोरा, मॅरियानोंचे सॅक्सोफोन व बासरी, आणि मृदंग, घटम्, खंजिरा व मोरसिंग. पियानो, गिटार वा ड्रम यांपैकी काहीही येथे नाही. जॅझमध्ये बदलत्या स्वरसंघांमुळे सुरावटीचा आधार सतत हलत असतो. तंबोऱ्याचा षड्ज मात्र अचल असतो. दोहोंपैकी एकाने माघार घेणे प्राप्त होते. येथे ती पाहुण्याने घेतली.

मग पाहुण्यास काय लाभले? हिंदुस्थानी संगीतात तबल्याचा ठेका ताल सांभाळतो. कर्नाटक पद्धतीत असा बांधील ठेका नसतो. ताल हाताने मोजला जातो आणि मृदंग गीताच्या अंगाने चालतो. तालाचे हे गणित ‘कोन्नक्कोल’मध्ये तोंडाने बोलले जाते. उदाहरणार्थ, आदितालाच्या आठ मात्रांचे प्रत्येकी चार भाग केले की बत्तीस अक्षरकाळ होतात. ‘त-क-त-कि-ट’ हा पाच अक्षरांचा बोल दोनदा घेतल्यास दहा अक्षरांचा खंड होतो. तो खंड तीनदा म्हणून मध्ये एकेक अक्षरकाळ विराम ठेवला, की बत्तीस पूर्ण होऊन पुढील समेवर अचूक येता येते. आपल्या तिहाईशी याचे नाते उघड आहे. हा हिशेब शिकण्यास रागज्ञानाची अट नाही. म्हणूनच परदेशी वादकास या संगीतात शिरण्याचे ते सर्वांत मोकळे दार ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, एका पक्षाने आपले मुख्य शस्त्र खाली ठेवल्यावर त्यास संगम म्हणावे काय? आक्षेप निराधार नाही. तथापि उत्स्फूर्त विस्तार हा जॅझचा दुसरा प्राण आहे, आणि त्याला मनोधर्माच्या परंपरेत सहज स्थान मिळाले. उलट, दोन्ही पक्षांनी आपापले सर्वस्व कायम ठेवले असते, तर बहुधा केवळ शेजार घडला असता, संवाद नव्हे. मॅरियानो २००९ साली व मणी २०२० साली निवर्तले. संकराचे मोल काय मिळविले यावरून जसे ठरते, तसेच कशाचा त्याग केला यावरूनही ठरते, हा ‘ज्योति’चा धडा मात्र आजच्या प्रयोगशील कलावंतांनीही विचारात घ्यावा असा आहे.