सड्यावर निघालीस, तर हे ऐक

पोरी, गौरी-गणपती आटोपले की कशेळीच्या सड्यावर फुलं बघायला निघणार म्हणतेस, तर खुशाल जा. बाकी तू हुशार आहेसच. पाऊल कुठे पडतंय एवढं बघ.

१. सकाळीच नीघ — समुद्र पश्चिमेला, ऊन पाठीशी, म्हणून डॉल्फिनची पाठ पाण्यावर चटकन दिसते; दुपारनंतर नुसती चकाकी.

२. घोट्यापर्यंतचे बूट घाल आणि दगड उलटायची खोड घरी ठेव — दगडाखाली फुरसं दबा धरून असतं, आणि जांभ्यावर ते दिसतही नाही. डोळे समुद्राला, पाय फुरशाला!

३. चालायचं ते उघड्या कातळावरून — सीतेची आसवं नि गेंद बोटभर मातीत उगवतात. बी धरायच्या आत तुडवले तर पुढच्या वर्षी काय उगवणार?

४. सीतेच्या आसवांपाशी जरा उकिडवी बस — त्या मातीत कस नाही, म्हणून हे इवलं झाड बारीक फुग्यांत पाण्यातले जीव ओढून पोट भरतं. माझ्यावर विश्वास ठेव, उपटून खात्री करू नकोस.

५. कातळात कोरलेल्या रेघा दिसल्या की वळसा घाल — कशेळीला भला मोठा हत्ती कोरलाय. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत.

६. कड्याच्या टोकाला उभी राहून फोटो नकोत — खालून लाटांनी जांभा पोखरलेला, वरची कड वळचणीसारखी अधांतरी. फूल बघावं वाकून, समुद्र बघावा अंतर राखून.

७. खडपात उतरायचं तर तिथीची पाऊणपट कर — अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पाणी उतरत असताना जा, फिरायच्या आत वर ये.

८. डबक्यातलं समुद्रफूल नुसतं बघ, शंख उचलू नकोस — आत घरधनी असतो, आणि कोनशंखाचा दात विषारी.

९. दुपारी गडगडायला लागलं की मुकाट्याने माघारी फीर — परतीच्या पावसात मोकळ्या सड्यावर सगळ्यात उंच तूच.

१०. कुणाच्या बागेतून वाट असेल तर आधी विचार, गडग्यावर चढू नकोस आणि बेडं मागे लाव — गुरं आत शिरली, तर पुढच्या खेपेला वाट कोण दाखवणार?