टीईटी पुन्हा देताय? आधी झोप मोजा

मागच्या आठवड्यात वेल्ह्याकडच्या एक बाई दवाखान्यात आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत 24 वर्षं नोकरी, वय 48. तक्रार डोकेदुखीची. तपासून झालं तरी उठेनात. मग पर्समधून चार घड्या घातलेला टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल काढून टेबलावर ठेवला. 90 गुण हवे होते, 81 पडले. म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या डोक्यात आता काही राहतच नाही. एमआरआय काढायचा का?"

मी त्यांच्या हातात दिनदर्शिकेचं मागचं पान दिलं. वाचता वाचता बाईंचा हात हळूहळू लांब गेला. चाळिशी कधीच लागली होती, चष्मा केलाच नव्हता. 150 मिनिटांत 150 प्रश्न, तेही बारीक छपाईचे. डोकं दुखणार नाही तर काय? रोज किती झोपता, असं विचारलं तर शाळा, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं उरकून अकरा ते दोन अभ्यास आणि पाचला उठणं. म्हणजे जेमतेम तीन तास.

भोर-वेल्ह्यातले असे बरेच शिक्षक सध्या माझ्याकडे येतात. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. आयुष्यभर इतरांचे पेपर तपासलेल्या माणसाला स्वतःचा नापासाचा कागद घरात दाखवताना काय होतं, ते मी समोर बसून पाहतो. त्यांना मनापासून सांगतो, हा तुमच्या शिकवण्याचा निकाल नाही, आणि मेंदू म्हातारा झाल्याचा तर मुळीच नाही.

दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. झोप तोडून वाचलेलं सकाळी ओळखीचं वाटतं, पण प्रश्न समोर आला की आठवत नाही. म्हणून सात तास झोप हा अभ्यासाचाच भाग धरा. जागरणाऐवजी पहाटेचा एक तास घ्या, पण मग रात्री दहाला दिवा बंद. संध्याकाळनंतर चहा नको. घरच्यांनीही रात्रीचं आवरायचं काम वाटून घ्यावं, हे मी बाईंच्या यजमानांना बोलावून सांगितलं.

दुसरी गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. पाढे पाठ करून घेताना तुम्ही मुलांना पुस्तक मिटायला लावता. स्वतः मात्र बालमानसशास्त्राचं तेच पान चौथ्यांदा पिवळ्या पेनाने रंगवता. पुस्तक मिटा, आठवेल ते कागदावर लिहा, मग ताडून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. मागच्या वेळी कोणत्या विषयात गुण गेले तिथून सुरुवात करा. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

अभ्यासाला बसण्याआधी एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना विसरायला होतं, झोप मोडते. त्यावर उपाय असतात, लाजू नका. परीक्षेच्या भीतीने होणारी धडधड थांबवायची गोळी मात्र कुणा सहकाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. दमा असेल तर ती जिवावर बेतू शकते.

2024 ला परीक्षा 10 नोव्हेंबरला झाली, 2025 ला 23 नोव्हेंबरला. आपल्याकडे ते दिवस भातकापणीचे, झोडणीचे. त्या आठवड्यात खळ्यावर मजूर लावा. केंद्र पुण्यात आलं तर पहाटे पाबे घाटाने किंवा नसरापूरमार्गे धावपळ नको, आदल्या संध्याकाळीच नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. सकाळी रोजची भाकरी-भाजी खा, नवीन काही नको. चष्मा पर्समध्ये आहे ना, पाहा.

भूक मेली, रडू आवरत नाही, असं दोन आठवडे चाललं तर अभ्यास बाजूला ठेवून डॉक्टरांकडे या. जगणं नको वाटलं, जीव द्यायचा विचार मनात आला तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. घरात कुणी असं बोललं तर त्यांना एकटं सोडू नका, फोन तुम्हीच लावून द्या.