डी.ओ. म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर नव्हे!

महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळची ओपीडी आटोपत आली असताना शाळेत मला भूगोल शिकवणारे गुरुजी दवाखान्यात आले. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी गुरुजी उठेनात. शेवटी त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "अरे डॉक्टर, अमेरिकेतल्या आमच्या नातीला मेडिकलला प्रवेश मिळालाय, दोन ठिकाणी. पण पदवी डी.ओ. आहे म्हणे. म्हणजे डोळ्यांचीच डॉक्टर होणार ना ती?"

गुरुजींचा दोष नाही. आपल्याकडे नेत्रविकाराच्या पदविकेलाही हीच अक्षरे लावतात. अमेरिकेतील डी.ओ. म्हणजे मात्र 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन'. ते वाचून मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे हाडवैद्यच की!" गुरुजींचा चेहरा उतरला. "तरीच तिचा मामा म्हणतो, हे सोडून दे, कॅरिबियन बेटावरच्या कॉलेजात एम.डी.ला पैसे भरू."

माझ्या अर्धवट ज्ञानावर एका मुलीचे आयुष्य ठरू नये, म्हणून मी गुरुजींकडून आठ दिवस मागून घेतले. वाचन केले, अमेरिकेत स्थायिक झालेल्या वर्गमित्राशी फोनवर बोललो आणि माझीच चूक माझ्या ध्यानात आली. परदेशात मुले-नातवंडे असलेली घरे आता आपल्या तालुक्यातही कमी नाहीत. म्हणून ही माहिती वाचकांपुढे ठेवतो.

ही पदवी आली कोठून?

अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक अमेरिकन वैद्य होते. १८६४ मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुले दगावली. त्या काळची औषधे निरुपयोगी, पुष्कळदा घातकही होती. त्यांच्यावरचा स्टिल यांचा विश्वास उडाला आणि हाडे, स्नायू व सांधे यांना हाताने उपचार करण्याची पद्धत त्यांनी मांडली. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल गावी त्यांनी पहिले कॉलेज काढले. पुढे या कॉलेजांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया असे सारे आधुनिक वैद्यक अभ्यासक्रमात घेतले. लढा मोठा झाला, पण १९७३ पर्यंत पन्नासही राज्यांत डी.ओ. डॉक्टरांना पूर्ण वैद्यकीय परवाना मिळू लागला.

आज अमेरिकेत डी.ओ. आणि एम.डी. हे दोघेही औषधे लिहितात, शस्त्रक्रिया करतात, कोणत्याही शाखेत तज्ज्ञ होऊ शकतात. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील वैद्य शॉन कॉन्ली आणि नंतर बायडन यांचे वैद्य केव्हिन ओ'कॉनर हे दोघेही डी.ओ. येथे आणखी एक घोटाळा टाळावा. आपल्याकडे एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदवी आहे, अमेरिकेत एम.डी. किंवा डी.ओ. ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी असते. तज्ज्ञ होण्यासाठी त्यापुढे रेसिडेन्सी करावी लागते. २०२० पासून दोन्ही पदवीधरांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यता-व्यवस्थेखाली आल्या आहेत.

सावधगिरीचा इशारा असा, की हे फक्त अमेरिकेतील डी.ओ.बद्दल खरे आहे. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथचा धंदा १९९३ च्या कायद्याने नोंदणीकृत झाला, पण तेथील ऑस्टिओपॅथ म्हणजे आपल्या अर्थाने डॉक्टर नव्हे. चार महिन्यांचा कोर्स करून पाटीवर 'ऑस्टिओपॅथ' लिहिणारा तर नव्हेच नव्हे.

अर्ज कसा होतो?

चार वर्षांची कॉलेजची पदवी आणि त्यात जीव, रसायन व भौतिकशास्त्र हवे. एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात असतात. एकाच मध्यवर्ती अर्जाने अनेक कॉलेजांकडे जाता येते. मग प्रत्येक कॉलेजचा पुरवणी अर्ज, निबंध आणि मुलाखत. जागा जसजशा मुलाखती होतात तसतशा भरत जातात, म्हणून उशिराचा अर्ज म्हणजे आपल्याच हाताने घातलेला अडसर. बरीच कॉलेजे एखाद्या डॉक्टरचे, शक्यतो डी.ओ.चे, शिफारसपत्र मागतात. 'ऑस्टिओपॅथीच का?' हा प्रश्न ठरलेलाच. त्याला पाठ केलेले उत्तर चालत नाही. अशा डॉक्टरच्या दवाखान्यात चार दिवस बसून पाहिले असेल तरच उत्तरात जीव येतो.

नातीने हे सारे केले होते. प्रश्न होता तो निवडीचा. एक कॉलेज जुने, इमारत साधी. दुसरे नवे, काचेची इमारत. छायाचित्र पाहून घरातले सगळे नव्याच्या बाजूने. मी गुरुजींना चार प्रश्न लिहून दिले आणि नातीला ते दोन्ही कॉलेजांना विचारायला सांगितले.

पहिला प्रश्न : तिसरे आणि चौथे वर्ष कोठे जाणार? हा सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेत पहिली दोन वर्षे वर्गात आणि शेवटची दोन रुग्णालयात जातात. कित्येक ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचे स्वतःचे रुग्णालय नसते. विद्यार्थ्यांना निरनिराळ्या गावांतील रुग्णालयांत पाठवतात, कधी दुसऱ्या राज्यातही. म्हणून विचारावे : रुग्णालयांची नावे सांगा. जागा कॉलेज ठरवून देते की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची? तेथे रेसिडेंट डॉक्टर शिकवायला असतात का?

दुसरा प्रश्न : मान्यता कोणत्या टप्प्यावर आहे? नव्या कॉलेजला पहिली तुकडी पदवीपर्यंत येईस्तोवर पूर्ण मान्यता मिळत नाही. तेवढ्याने ते वाईट ठरत नाही, पण त्याचा निकालही अजून कोणी पाहिलेला नसतो.

तिसरा प्रश्न : किती जण आत आले, किती वेळेत बाहेर पडले आणि कोठे लागले? डी.ओ. विद्यार्थ्यांना कॉमलेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते, एम.डी.वाल्यांची यूएसएमएलई ऐच्छिक असते, पण चुरशीच्या शाखांसाठी अनेक जण तीही देतात. 'आमचे सगळे रेसिडेन्सीला लागले' एवढ्यावर भागत नाही. मध्येच गळालेले किती, हेही विचारावे.

चौथा प्रश्न : पैसा. खाजगी कॉलेजची फी अनेक ठिकाणी वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर आहे, राहणे-खाणे वेगळे. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून वैद्यकीय पदवीसाठी नव्याने कर्ज घेणाऱ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळते. वरची रक्कम खाजगी कर्जातून उभी करावी लागते. ते व्याज नीट वाचूनच सही करावी. मिशिगन स्टेटसारख्या सरकारी विद्यापीठातही डी.ओ.चे कॉलेज आहे. राज्यातील रहिवाशांना तेथील फी कमी पडते.

आणि मामांच्या कॅरिबियन बेटाचे काय? २०२५ च्या रेसिडेन्सी निवडीत अंतिम वर्षाच्या डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना जागा मिळाली. परदेशी कॉलेजांत शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनाच मिळाली. नावापुढची अक्षरे ऐकायला गोड, पण रेसिडेन्सीवाचून त्यांचा उपयोग काय? त्वचारोग किंवा मेंदूची शस्त्रक्रिया अशा चुरशीच्या शाखांत डी.ओ.ला वाट आजही अधिक चढाची आहे, हेही मी गुरुजींपासून लपवले नाही.

आता त्या हातांच्या उपचाराविषयी. डी.ओ. विद्यार्थी सुमारे २०० तास हे जादा शिक्षण घेतात. कंबरदुखीत पाठीच्या कण्यावरील अशा उपचाराने काही जणांना थोडा आराम पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुरुवातीच्या बिनऔषधी उपायांत त्याची गणना केली, मात्र पुरावा कमी दर्जाचा आहे असेही नमूद केले. कवटीची हाडे हलवण्याच्या दाव्यांना भक्कम आधार नाही. चांगले कॉलेज ही मर्यादा विद्यार्थ्यांना उघडपणे शिकवते. जाता जाता एक : केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची हौस करू नका. मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

परवा गुरुजी पुन्हा आले. जुन्या कॉलेजने रुग्णालयांची यादी दुसऱ्याच दिवशी पाठवली. नव्या कॉलेजने पहिल्या प्रश्नाला 'बोलणी चालू आहेत' असे कळवले. नातीने जुने कॉलेज घेतले. "इमारत साधी आहे रे," गुरुजी म्हणाले. मी म्हटले, "गुरुजी, मी शिकलो त्या कॉलेजचे छप्पर पावसाळ्यात गळायचे. पण वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण असायचे. मला डॉक्टर त्यांनी केले."

वाचकहो, आपल्या मुलांसाठी येथे एम.बी.बी.एस.चे कॉलेज पाहायला जाल, तेव्हाही हाच नियम लावा. प्रवेशद्वार आणि सभागृह दाखवतील, तेही पाहा. पण एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता, न सांगता, ओपीडीत जाऊन बसा. रुग्णांची रांग असेल तर तेथे शिक्षण आहे. खाटा चकचकीत आणि रिकाम्या असतील, तर फीचा धनादेश खिशातच ठेवा.

(पुढील आठवड्यात : थंडीतील दमा आणि घरातील धूर)