घरच्या नॅसमधली हार्ड डिस्क: तब्येत तपासायला किती, बदलायला किती

हिवाळ्यात भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की कॅमेरे घेऊन माणसे येतात. त्यातले बरेचजण इथलेच, बारामती-इंदापूरचे. एका सकाळी हजार-दीड हजार रॉ फोटो निघतात, म्हणजे 40-45 जीबी. लग्नसराईतल्या स्टुडिओचे तर विचारूच नका. घरातल्या घरातही मुलांचे फोटो, जमिनीचे स्कॅन केलेले उतारे, जुन्या कॅसेटवरून उतरवलेली लग्ने असे साठत जाते. मग कुणीतरी सुचवते आणि वायफायच्या राउटरला जोडायची, दोन डिस्क बसणारी पेटी घरात येते. दुकानदार तिला नॅस म्हणतो. घेताना टीबी किती, हे सगळे विचारतात. पेटी एकदा टीव्हीमागे गेली की आतल्या डिस्कची तब्येत पाहायला मात्र कुणी जात नाही, आणि महागात पडते ते हेच. तपासणीला पैसे लागत नाहीत. तपासणी न केल्याचे मात्र हजारोंनी मोजावे लागतात.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते. या सोयीचे नाव स्मार्ट. सिनॉलॉजीच्या पेटीत सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असेल, तर स्टोरेज मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केले की ही नोंद दिसते. क्यूनॅपमध्ये स्टोरेज अँड स्नॅपशॉट्समध्ये. जुन्या पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकून घरीच नॅस केली असेल, तर त्यातही हे पान आहे. डिस्क विंडोजच्या संगणकात असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळते. राउटरच्या यूएसबीला नुसती पोर्टेबल डिस्क लावणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण ही नोंद राउटरवर बहुधा दिसतच नाही. ती डिस्क अधूनमधून काढून संगणकाला लावून पाहावी लागते.

पानावर वर मोठ्या अक्षरात ‘हेल्दी’ किंवा ‘पास्ड’ दिसते. तेवढ्यावर विसंबू नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत तो शेरा बदलत नाही आणि ती मर्यादा बरीच सैल असते. खालच्या तक्त्यात 5, 197 आणि 198 क्रमांकाच्या ओळी शोधा आणि त्यांच्यासमोरचा ‘रॉ’ आकडा वाचा. 5 म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बाजूला काढलेले आणि राखीव जागेतून बदललेले सेक्टर. 197 म्हणजे वाचताना अडलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. 198 म्हणजे डिस्कने स्वतःच्या तपासणीत वाचून पाहिले आणि जे वाचताच आले नाहीत ते. तिन्ही ठिकाणी शून्य असले पाहिजे. 5 मध्ये दोन-चार दिसले आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहिले, तर लक्ष ठेवून डिस्क चालवता येते. आकडा दर आठवड्याला वाढत असेल, किंवा 197 मध्ये काही येऊन बसले असेल, तर त्याच दिवशी सगळे दुसरीकडे उतरवा आणि नवी डिस्क मागवा.

199 ची ओळ वेगळी. ती वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. घरी जुळवलेल्या पीसीत शंभर-दोनशे रुपयांची साटा केबल बदलली की आकडा तिथेच थांबतो (मागे येत नाही, तो कायमचा). ही ओळ न समजल्यामुळे चांगली डिस्क भंगारात गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. दुरुस्तीवाला ‘डिस्क गेली’ म्हणाला, तर कोणत्या आकड्यावरून, हे जरूर विचारा.

आता या नोंदीची मर्यादा. 2007 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या 60 दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडून दुसरी कसलीच खूण दाखवली नव्हती. म्हणून नोंद वाचायची आणि तिसरी प्रतही ठेवायची, दोन्ही. पेटीतल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल असतात, म्हणून अनेकजण निर्धास्त राहतात. चुकून पुसलेला फोल्डर दोन्हीकडून एकदमच पुसला जातो आणि वीज कोसळली तर पेटी दोन्ही डिस्कसकट जाते. माझे मत विचाराल तर चार डिस्कच्या मोठ्या पेटीआधी एक साधी बाहेरची डिस्क घ्या, महिन्यातून एकदा नक्कल उतरवा आणि ती डिस्क भावाच्या किंवा मामाच्या घरी ठेवा.

रोज जाऊन पान उघडणे कुणालाच जमणार नाही. सेटिंगमध्ये नोटिफिकेशन चालू करून ईमेल द्या आणि चाचणीचा संदेश आला का ते पाहा. मग छोटी तपासणी आठवड्याला, सविस्तर तपासणी महिन्याला लावून टाका. छोटीला दोनेक मिनिटे लागतात. सविस्तर 4 टीबीच्या डिस्कला आठ तास तरी घेते, म्हणून रात्रीची वेळ द्या. गावातल्या माणसाला घरी बोलावून हे करून घ्यायचे तर शहरात साधारण 300 ते 700 रुपये जातात. बावडा, निमगाव केतकी, वालचंदनगरकडे जायचे असेल तर वर पेट्रोल.

आपल्याकडे डिस्कला खरा त्रास विजेचा. लाईट जाते, येते, पुन्हा जाते, आणि लिहिता लिहिता डिस्क बंद पडते. दोन डिस्कची पेटी 15 ते 20 वॅट घेते, त्यामुळे 600 व्हीएचा साधा यूपीएस तिला सहज सांभाळतो. तो 2,500 ते 4,000 रुपयांत येतो आणि दोन-तीन वर्षांनी 800 ते 1,200 रुपयांची बॅटरी मागतो. थोडे जास्त देऊन पेटीला यूएसबीने इशारा देणारे मॉडेल घेतलेत तर उत्तम, बॅटरी संपायच्या आत पेटी आपोआप नीट बंद होते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचे यूपीएस मोडचे बटण चालू आहे का ते बघा. मात्र बॅटरी उतरत आली, हे इन्व्हर्टर पेटीला सांगत नाही.

पेटीचे वीजबिल स्वतः काढता येते. 20 वॅट चोवीस तास म्हणजे रोज अर्ध्या युनिटला थोडे कमी, महिन्याला साडेचौदा युनिट. सगळे आकार धरून तुमच्या टप्प्यात युनिट 8 रुपयांना पडत असेल तर 115 रुपये, 15 ला पडत असेल तर 220 च्या आत.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. 194 क्रमांकाची ओळ डिस्कचे तापमान सांगते. 45 पर्यंत काळजी नको. रोज 50 च्या वर जात असेल तर पेटी बंद कपाटातून, पत्र्याखालच्या खोलीतून हलवा. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी अशा कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांनी गळीत हंगामात पंख्याच्या जाळीवर बसणारी काजळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने काढावी, पेटी बंद करून.

डिस्क बदलायची वेळ आलीच तर नॅससाठीची 4 टीबीची डिस्क अंदाजे 10 ते 15 हजारांत बसते. भाव अलीकडे चढे आहेत, महिन्यापूर्वीचे कोटेशन धरून चालू नका. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ या दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी असते. साधी ‘रेड’ आणि ‘रेड प्लस’ यांत गल्लत करू नका. 2020 मध्ये उघड झाले की रेडच्या काही मॉडेलांत एसएमआर पद्धत वापरली होती; तीत एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवून लिहितात आणि पेटीत नवी डिस्क भरताना ती फार रखडते. बिलावर मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या आणि ‘सीएमआर’, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी, आहे ना, हे विचारा.

जास्त स्वस्त दिसणाऱ्या डिस्कपासून जपून. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत उघड झाले की सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या डिस्क, नोंदीतले तास शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, तिच्यावरून हे पकडले गेले. स्मार्टमनटूल्स हे फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचते. नवी डिस्क घरी आणल्यावर 9 क्रमांकाची ओळ, म्हणजे चालू असलेले तास, पाहा आणि सिरियल क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का ते त्याच दिवशी तपासा. ऑनलाइन घेतली काय, भिगवण रोडवर घेतली काय किंवा पुण्यात तापकीर गल्लीतून आणली काय, जीएसटीचे पक्के बिल हवेच.

डिस्क कटकट वाजायला लागली, किंवा दिसायचीच बंद झाली, आणि दुसरी प्रत नाही, तर ताबडतोब वीज बंद करा. सॉफ्टवेअर चालवून बघू नका, कुणाला उघडू देऊ नका. बारामतीतला दुकानदार ती पुण्याला पाठवेल. कोणत्या लॅबला, आणि डेटा नाही निघाला तर पैसे किती, हे लेखी घ्या. साधा बिघाड असेल तर आठ-दहा हजारांपासून सुरुवात होते. आतले हेड बदलायचे झाल्यास पंचवीस हजार, चाळीस हजार, कधी त्याहून जास्त. एवढे देऊनही सगळे परत मिळेलच असे नाही.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. पाठवलेली डिस्क परतही येत नाही, म्हणून चालत असेल तर आधी पूर्ण पुसा. पेटीत एन्क्रिप्शन सुरुवातीलाच चालू केले असेल तर ही चिंता उरत नाही. विक्रेत्याने हात वर केले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, असे सांगून फोटोग्राफरला परत पाठवले जाते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू वगळलेली नाही. एकट्याने स्टुडिओ चालवणाऱ्याने तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि बिलासोबत 5, 197, 198 च्या आकड्यांचे तारखेसह काढलेले स्क्रीनशॉट जोडावेत.